सहकाऱ्याचे इंग्रजी

कोल्हापूरची राजारामपुरी ही आखीव वस्ती आहे. छत्रपती राजाराम महाराजांचे नाव धारण करणाऱ्या या भागात गल्ल्यांना अंक आहेत. पहिली, पाचवी, नववी असा नुसता आकडा सांगितला की परगावचा मनुष्यही घर न चुकता गाठतो. जुन्या शहरातील पेठांचा प्रकार निराळा. तेथील बोळ कोणी कागदावर आखले नव्हते; माणसांच्या जाण्यायेण्याने ते पडले आणि पडले तसेच राहिले. परकी भाषा शिकणारालाही या दोन तऱ्हा भेटतात. व्याकरणाच्या पुस्तकातील इंग्रजी राजारामपुरीसारखे असते. प्रत्येक प्रयोगाला त्याचा अंक आणि त्याची जागा. लोकांच्या तोंडचे इंग्रजी मात्र पेठेतल्या बोळासारखे वळणे घेत जाते. पुस्तकावरून शिकलेला आणि कानाने शिकलेला असे दोघे एकाच कचेरीत येऊन बसले, म्हणजे त्यांच्यात जी कुरबुर सुरू होते, तिचा येथे विचार करावयाचा आहे.

राजारामपुरीच्या हमरस्त्यावरील एखाद्या माडीवरची कचेरी डोळ्यांपुढे आणावी. एका टेबलाशी वयाने वडील असे एक गृहस्थ आहेत. त्यांना अण्णा म्हणावे. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण त्यांनी शाळेत तोंडपाठ केले आणि तीस वर्षे पत्रांचे मसुदे लिहिण्यात घालविली. शेजारच्या टेबलाशी कागल तालुक्यातील एका खेड्यातून आलेला तरुण आहे. त्याला बापू म्हणावे. घराण्यात इंग्रजी बोलून पोट भरणारा तो पहिलाच. त्याचे इंग्रजी वर्गात थोडे आणि चित्रपट, दूरध्वनी व इतर कचेऱ्यांची पत्रे यांवरून पुष्कळ, असे जमा झालेले आहे. बापू बोलू लागला की अण्णांच्या कपाळाला आठी पडते. ‘आय हॅव अ डाऊट’, ‘लेट अस डिस्कस अबाउट इट’, ‘साहेब आऊट ऑफ स्टेशन आहेत’, ‘मीटिंग प्रीपोन करू या’, ‘आय विल रिव्हर्ट’, ‘माय कजिन ब्रदर’, ‘टुडे मॉर्निंग’ या प्रत्येक शब्दप्रयोगासरशी भाताच्या घासात खडा लागावा तसे त्यांना होते. एके दिवशी ते सर्वांसमक्ष म्हणतात, “अहो बापू, इंग्रज गेले ते तुमचे हे इंग्रजी ऐकूनच गेले असतील.” माडीवर हशा पिकतो. बापूही हसतो.

अण्णा वाईट मनुष्य नव्हेत. ज्या गोष्टीसाठी त्यांनी पोरवयात छड्या खाल्ल्या, ती गोष्ट दुसऱ्याने सहज पायदळी तुडवावी याचे त्यांना दुःख होते. परंतु त्यांच्या यादीतील सर्व चुका एकाच जातीच्या नाहीत, आणि त्यांतील काही मुळी चुकाच नाहीत. धान्य निवडावे तशी ही यादी एकदा निवडून पाहिली पाहिजे.

पहिला वाटा जुन्या इंग्रजीचा. ‘आऊट ऑफ स्टेशन’ हा प्रयोग बापूच्या पिढीने काढलेला नाही. कंपनी सरकारच्या काळात ज्या गावी साहेब लोकांची नेमणूक आणि वस्ती असे, त्या गावाला ‘स्टेशन’ म्हणत. रुळांचा आणि आगगाडीचा त्याच्याशी संबंध नव्हता. साहेब नेमणुकीच्या गावी नसला म्हणजे तो स्टेशनाबाहेर असे. साहेब गेला, स्टेशनही गेले, पण वाक्य कचेरीत राहिले. ‘डू द नीडफुल’ याचीही कथा तीच. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ अशा अर्थाचे हे शब्द एके काळी खुद्द इंग्लंडातील व्यापारी पत्रांत सर्रास येत. तेथे त्यांचा वापर ओसरला. येथे तो टिकला. वाड्यातील थोरल्या पिढीने टाकून दिलेली पैठणी धाकट्या घरी जपून ठेवावी, आणि मग थोरल्या घरच्यांनीच तिला हसावे, असा हा न्याय आहे.

दुसरा वाटा मराठीच्या साच्याचा, आणि विचार करावयाला हा सर्वांत रसाळ आहे. मराठीत विद्यार्थी गुरुजींना शंका विचारतो. त्या शंकेत अविश्वास यत्किंचितही नसतो. समजले नाही एवढाच तिचा अर्थ. बापू ती ‘शंका’ उचलतो आणि ‘डाऊट’ म्हणून ठेवून देतो. इंग्रज मनुष्य मात्र ‘डाऊट’ ऐकताच सावध होतो, कारण त्याच्या कानी समोरच्याने आपल्या म्हणण्याची खात्री नसल्याचे सांगितलेले असते. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो, म्हणून बापूने परीक्षा ‘गिव्ह’ केली. इंग्रजीत परीक्षा देतो तो मास्तर आणि घेतो तो विद्यार्थी. ‘आज सकाळी’ हे दोन शब्द जसेच्या तसे मांडले की ‘टुडे मॉर्निंग’ होते. इंग्रज तेथे ‘धिस मॉर्निंग’ म्हणतो. आणि ‘कजिन ब्रदर’ म्हणणाऱ्या बापूची अडचण तर सहानुभूतीने पाहण्यासारखी आहे. मराठीत चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ अशी नाती स्वतंत्र नावांनी ओळखली जातात. इंग्रजीच्या ‘कजिन’ शब्दावरून बापाकडचा की आईकडचा हे तर कळत नाहीच, भाऊ की बहीण हेही कळत नाही. एवढे मोघम नाते मराठी माणसाच्या जिभेला पेलवत नाही. म्हणून तो निदान ‘ब्रदर’ तरी जोडून देतो.

तिसरा वाटा गरजेपोटी घडविलेल्या शब्दांचा. सभा पुढे ढकलण्याला इंग्रजीत ‘पोस्टपोन’ असा एक सुटसुटीत शब्द आहे. ती अलीकडे ओढण्याला मात्र तितका सुटसुटीत शब्द नव्हता. हिंदुस्थानातील कचेऱ्यांनी ‘प्रीपोन’ प्रचारात आणला आणि आज तो ऑक्सफर्डच्या कोशातही दाखल आहे. मोटारीच्या जादा चाकाला महाराष्ट्रातील प्रत्येक गॅरेजात ‘स्टेपनी’ म्हणतात. अण्णांना हा शब्द गावठी वाटतो. वास्तविक विसाव्या शतकाच्या आरंभी वेल्समधील लानेली गावी स्टेपनी रस्त्यावर एक कारखाना होता. त्याने काढलेल्या जादा चाकाला त्या रस्त्याचे नाव मिळाले. तो कारखाना आज नाही, त्या चाकाची तऱ्हाही जुनी झाली. पण कोल्हापुरातील मेस्त्री त्या वेल्श रस्त्याचे नाव रोज घेतो आणि त्याचे त्याला भानही नसते.

चौथा वाटा कानाच्या गफलतीचा. ऐकलेला शब्द नीट उमगला नाही, की मन त्याला ओळखीच्या शब्दाचे रूप देते. इंग्रजांचा पहारेकरी अंधारात आरोळी देई, ‘हू कम्स देअर?’ हिंदी शिपायाच्या तोंडी त्याचे ‘हुकुमदार’ झाले. ‘रिक्रूट’ शब्दात रंग कोठेच नाही, तरी पलटणीत नवा भरती झालेला शिपाई ‘रंगरूट’ ठरला. आणि हा केवळ परकीयांचा दोष आहे असेही नाही. ‘टु ऑल इंटेंट्स अँड पर्पजेस’ ही इंग्लंडच्या सोळाव्या शतकातील कायद्याच्या भाषेतून आलेली शब्दरचना आज जन्माने इंग्रजी बोलणारी कितीतरी माणसे ‘इंटेन्सिव्ह पर्पजेस’ अशी म्हणतात व लिहितात. अशा गफलतींना भाषाशास्त्रज्ञांनी २००३ साली ‘एगकॉर्न’ हे गमतीचे नाव दिले. ‘एकॉर्न’ म्हणजे ओकच्या झाडाचे फळ, त्याला कोणीतरी अंड्याशी जोडून ‘एगकॉर्न’ म्हटले होते, त्यावरून हे नाव पडले.

इंग्रजांच्या कानांनी तर येथे येऊन केवढे पराक्रम केले! मोहरमच्या मिरवणुकीत ‘या हसन! या हुसेन!’ असा शोक त्यांच्या शिपायांनी ऐकला आणि त्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ करून टाकले. हिंदी शब्दांचा जो प्रसिद्ध कोश यूल आणि बर्नेल यांनी तयार केला आणि १८८६ साली प्रसिद्ध झाला, त्याला त्यांनी हेच नाव दिले. पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून इंग्रजीत ‘जगरनॉट’ शब्द निघाला. त्याचा आजचा अर्थ वाटेत येईल ते चिरडीत जाणारी अजस्र शक्ती असा आहे. जगाचा नाथ इंग्रजीत असा रणगाडा होऊन बसला, म्हणून कोणा इंग्रजाला त्याच्या कचेरीत हसले गेल्याचे ऐकिवात नाही.

येथे या प्रश्नाच्या मुळाशी हात जातो. चूक करणारा कोण, यावरच पुष्कळदा ती चूक ठरते की लकब, हे अवलंबून असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदी कारकुनांच्या इंग्रजीची टवाळी करणे हा इंग्रज लेखकांचा करमणुकीचा विषय होऊन बसला होता. आर्नल्ड राइट याने हिंदी वृत्तपत्रांतील असे मासले वेचून १८९१ साली ‘बाबू इंग्लिश’ या विषयावर पुस्तकच काढले. एफ. ॲन्स्टी या विनोदी लेखकाने १८९७ साली ‘बाबू जबर्जी’ नावाचे पात्र रंगविले. ज्या माणसांनी दिव्याच्या उजेडात परकी भाषा आत्मसात करून राज्याचा कागदोपत्री गाडा ओढला, त्यांच्या वाट्याला हे हसू आले. त्या हसण्याची जखम सुशिक्षितांच्या मनात खोल गेली, आणि त्यातून ‘आपल्याला कोणी हसता कामा नये’ असा धाक घरोघर वारशाने उतरला. अण्णांच्या गुरुजींच्या छडीत तो धाक होता. आज अण्णा बापूला हसतात, तेव्हा त्यांच्याही नकळत तेच जुने हसू एक पायरी खाली उतरून आलेले असते.

कोल्हापुरात या पायऱ्यांचा हिशेब स्पष्ट दिसतो. राजाराम महाविद्यालय १८८० साली सुरू झाले. उच्च शिक्षणाची, आणि म्हणून इंग्रजीची, दारे येथील थोड्या घराण्यांना तेव्हाच उघडली. सर्व प्रजेसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे पाऊल शाहू महाराजांनी उचलले ते १९१७ साली. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. एखाद्या घरात चार पिढ्या इंग्रजी नांदत असेल, तर दुसऱ्या घरात त्याच चार पिढ्यांत अक्षरओळख, मराठी शाळा आणि महाविद्यालय एवढा प्रवास झालेला असतो. बापूच्या ‘टुडे मॉर्निंग’मागे एवढा रस्ता चालून आल्याचा शीण आहे. तो ध्यानात घेतला म्हणजे चूक नाहीशी होत नाही. पण ती ज्या आवाजात दाखवावयाची, तो आवाज बदलतो.

शब्दांविषयी काटेकोर असण्याची परंपरा कोल्हापुरात थोर आहे, आणि तिच्यातही याविषयी शिकण्यासारखे काही आहे. राजाराम महाविद्यालयात फारसीचे प्राध्यापक असलेले कवी माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांचा ‘भाषाशुद्धिविवेक’ हा ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. मराठीत विनाकारण घुसलेल्या परकी शब्दांविरुद्ध त्यांनी त्यात हिरिरीने बाजू मांडली. त्यांच्या स्वतःच्या पूर्वीच्या कवितेत मात्र फारसी शब्दांची रेलचेल होती. मत पालटल्यावर त्यांनी आपल्याच जुन्या कवितांना हात घातला आणि पुढील आवृत्त्यांतून ते शब्द निपटून काढण्याचा खटाटोप केला. त्यांचे मत सर्वांना पटले नाही. आजही पटत नाही. तथापि काटेकोरपणाची पहिली झळ त्यांनी स्वतःच्या लेखणीला लागू दिली, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागते.

मग सर्वच चुका पोटात घालाव्या काय? तसे मुळीच नाही. यादी निवडून झाली, म्हणजे तळाशी थोडे खरे खडे उरतातच, आणि ते दात पाडणारे असतात. मराठीतील ‘पर्यंत’ हा शब्द घ्यावा. ‘सोमवारपर्यंत थांबतो’ आणि ‘सोमवारपर्यंत कागद देतो’ या दोन्ही ठिकाणी मराठीला एकच ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘टिल’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बाय’ लागते. बापूने परगावच्या पेढीला ‘टिल मंडे’ कागद देऊ असे लिहिले, तर त्या पेढीने मुदत कोणती समजावी? सोमवारी कागद हाती येतील, की सोमवार येईतो ते येतच राहतील? येथे पैशाचा व्यवहार अडू शकतो. घराच्या मागील बाजूला ‘बॅकसाइड’ म्हटले, तर परदेशी पाहुण्याला भलताच अवयव आठवतो. ‘रिव्हर्ट’ म्हणजे मूळ स्थितीला परत जाणे; कायद्याच्या भाषेत मिळकत मूळ मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होते. ‘उत्तर देईन’ या अर्थी तो शब्द येथील कचेऱ्यांत सर्वांना कळतो, परंतु परमुलखातील वाचक गोंधळण्याचा संभव असतो. अशा जागी अण्णांचे तीस वर्षांचे ज्ञान हीच कचेरीची पुंजी आहे, आणि ते त्यांनी गप्प बसून वाया घालवू नये.

शब्दाच्या अर्थावरून जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्यांचेही कसे बिनसते, याचा एक दाखला चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात नमूद केला आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांच्या एका बैठकीत एका कागदावरून बराच वाद झाला. ब्रिटिशांना तो तातडीचा वाटत होता, म्हणून तो ‘टेबल’ करावा असे ते म्हणत. अमेरिकनांनाही तो तितकाच तातडीचा वाटत होता, म्हणून तो ‘टेबल’ करू नये असे ते म्हणत. ब्रिटनमध्ये एखादा विषय ‘टेबल’ करणे म्हणजे चर्चेला घेणे, आणि अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून देणे. दोन्ही पक्षांचे म्हणणे एकच होते, हे उमगेपर्यंत वेळ गेला. तेथे अडाणी कोणीच नव्हता. अर्थ विचारून घेण्याचे तेवढे राहून गेले होते.

या दाखल्यावरून एक साधी कसोटी हाती येते. ऐकणाराचा किंवा वाचणाराचा अर्थ चुकेल काय, हा प्रश्न प्रथम विचारावा. चुकत असेल, तर दुरुस्ती अवश्य करावी, वेळीच करावी आणि चौघांत न करता एकट्याला बाजूला घेऊन करावी. अर्थ चुकत नसेल, पण पत्र परदेशी जाणार असेल, तर तेथील वळण सांगावे. आणि बोलणे राजारामपुरीतल्या राजारामपुरीत, आपल्याच माणसांत चाललेले असेल, तर ‘प्रीपोन’ने कोणाची सभा बुडत नाही. शिकविणाऱ्यानेही एक पथ्य पाळावे. ‘हे चुकले’ म्हणून थांबू नये. का चुकले तेही सांगावे. ‘टिल’ आणि ‘बाय’ यांचा घोटाळा मराठीच्या एका ‘पर्यंत’मुळे होतो, एवढे अण्णांनी बापूला एकदा उलगडून दाखविले, तर ती चूक तो जन्मात पुन्हा करणार नाही, आणि आपली मायबोली कशी चालते हेही त्याला नव्याने कळेल. कदाचित अण्णांनाही.

नाही तर काय होते, ते त्या माडीवरच पाहावे. हशा पिकल्याच्या आठवड्यात बाहेरगावची मंडळी हिशेबाला येतात. बोलणे इंग्रजीत चालते. समोरच्या कागदावरील एका बेरजेत एक रक्कम दोनदा धरली गेली आहे, हे बापूच्या ध्यानात येते. तो तोंड उघडतो. इतक्यात अण्णांच्या कपाळाकडे त्याची दृष्टी जाते. ‘आय हॅव अ डाऊट’ हे चार शब्द त्याच्या ओठांवर येऊन परत फिरतात. कागदावर सह्या होतात, मंडळी उठून जातात, आणि कचेरीचे नुकसान होते. त्या दिवशी बापूच्या तोंडून इंग्रजीची एकही चूक होत नाही.

अण्णांना त्या रात्री रकमेचा उलगडा होतो आणि त्यांना स्वतःचाच राग येतो. हा ‘राग’ शब्दही पाहण्यासारखा आहे. संस्कृतात राग म्हणजे मुख्यतः रंग, लाली, अनुरक्ती. म्हणूनच ‘रागद्वेष’ या समासात तो द्वेषाच्या विरुद्ध बाजूस उभा असतो. मराठीने तोच शब्द उचलला आणि त्याला संताप बनविले. तद्वतच ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे. मराठीत ती दंड झाली. ‘राजीनामा’ म्हणजे दोन पक्ष राजी झाल्याचा लेख. मराठी माणूस तो नोकरी सोडताना देतो. शब्दांची ही सगळी मोडतोड ज्यांनी केली, त्या अनाम बापूंना त्यांच्या काळच्या पंडितांनी हसून गप्प बसविले असते, तर आज अण्णांना आपला संताप सांगावयाला हा सोपा शब्द लाभला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी आपली खुर्ची बापूच्या टेबलाशी ओढावी आणि म्हणावे, “बापू, काल तुम्हांला काही विचारायचे होते वाटते. काय डाऊट होता?”